सोमाजीचा पाय आणि आमचं पेटंट

पेटंट म्हणजे नेमकं काय, हे मला कळलं असं मी आजही छातीठोकपणे सांगणार नाही. उमेदीची वर्षं पेटंटच्या आकृत्या काढण्यात गेली, तरीही. नातेवाइकांत मी ‘शोध लावणाऱ्या कारखान्यात होता’ म्हणून ओळखला जातो. लग्नकार्यात कोणी ना कोणी शेजारी येऊन बसतं आणि विचारतं, “मग तुमी कायचा शोध लावला भाऊ?” मी काहीच लावला नाही. शोध राजूरकर साहेबांनी लावले. मी त्यांची चित्रं काढली आणि चित्रातल्या प्रत्येक भागाला नंबर दिला. एवढं सांगून झालं की समोरच्याचा चेहरा पडतो आणि तो पंगत कधी बसणार याची चौकशी करायला लागतो.

ही हकिकत पन्नास ते साठच्या दरम्यानची. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत. गडचिरोली, चामोर्शी, अहेरी हा सगळा मुलूख चांदा जिल्ह्यातच यायचा. राजूरकर साहेब रेल्वेच्या कारखान्यातली फोरमनची नोकरी सोडून चांद्याला आले होते. नोकरी का सोडली याच्या निरनिराळ्या कहाण्या होत्या, आणि सगळ्या त्यांनीच सांगितलेल्या. गावाबाहेर एक पत्र्याची शेड, दोन भट्ट्या, वाळूचा ढीग, बांबूचे भारे आणि लाखेची पोती, एवढा आमचा कारखाना. मी नागपूरला ड्रॉइंगची परीक्षा पास होऊन नोकरी शोधत होतो. साहेबांनी मला एक सुपारी दिली आणि म्हणाले, “हिचं चित्र काढ. पण असं काढ, की ज्यानं जन्मात सुपारी पाहिली नाही त्याला करता आली पाहिजे.” सुपारी करायची कशी, हे मला समजेना. मी गोंधळून नुसताच बसून राहिलो. “लाग कामाला,” साहेब म्हणाले. बसून राहिल्याबद्दल नोकरी मिळालेला माझ्या माहितीत मी एकटाच.

साहेबांची पद्धत समजायला अवघड नव्हती. आमच्याकडे पळसावर आणि कुसुमाच्या झाडावर लाख होते. जंगलातली माणसं ती गोळा करून बाजारात आणतात. लाख तापवली की पातळ होते, गार झाली की दगडासारखी. साहेब बांबूच्या पातळ कामट्या वाफेवर मऊ करायचे, एक थर उभा, एक आडवा असे साच्याच्या आतून बसवायचे आणि मध्ये सागाचा भुसा मिसळलेली लाख द्यायचे. मग साच्याच्या पोटात जाड किंतानाची पिशवी ठेवून तिच्यात तापलेली वाळू ठासून भरायची. वाळू चहूकडून सारखी दाबते. लाख वितळून कामट्यांत मुरते, आणि वाळू गार होईल तशी आवळून घट्ट बसते. लोखंडाच्या दाबयंत्राला जे पैसे लागले असते, ते साहेबांनी वाळूत वाचवले. असा तयार झालेला माल भट्टीत बराच वेळ भाजला की त्यातली लाख पुन्हा मऊ होत नाही. सगळी करामत एवढीच, आणि ती साहेबांची.

या पद्धतीनं आम्ही गिरण्यांच्या पट्ट्यांसाठी पुल्या करायचो. लाकडी पुली पावसाळ्यात फुगते, बिडाची लांबून आणावी लागते, म्हणून धानाच्या गिरण्यांना आमची पुली बरी पडायची. त्याच पद्धतीनं दवाखान्यांसाठी हात-पाय मोडलेल्यांच्या फळ्या करायचो. आणि त्याच पद्धतीनं, पुढे, पाय.

पेटंट पुलीचं नव्हतं, फळीचंही नव्हतं. ते पद्धतीचं होतं. इथंच माझं डोकं पहिल्यांदा चक्रावलं. वस्तू कोणाचीही, ती करण्याची रीत मात्र एकट्याची, म्हणजे काय? साहेबांनी मला कूपाचा दाखला दिला. सरकार जंगलाचा एक तुकडा, म्हणजे कूप, लिलावात ठेकेदाराला देतं. झाड सरकारचं, जमीन सरकारची, पण ठरलेल्या मुदतीत तिथं कुऱ्हाड चालवायचा हक्क फक्त त्या ठेकेदाराचा. “पेटंट म्हणजे डोक्यातलं कूप,” साहेब म्हणाले. मला तेवढ्यापुरतं पटलं. घरी जाईपर्यंत पुन्हा शंका आली, की कूपाला हद्दीचे दगड तरी असतात.

हद्दीचे दगड म्हणजे दावे. अर्ज कलकत्त्याच्या पेटंट कचेरीत जायचा. त्यात पद्धतीचं वर्णन आणि शेवटी दावे लिहायचे. एकेक दावा म्हणजे पूर्णविराम नसलेलं पानभर वाक्य. ते वाचून माणसाला धाप लागते. आणि चित्रं काढायची ती काळ्या शाईत, सावली न देता, बोटाएवढ्या जाडीची वस्तू चिरून आतून दाखवायची. साहेब इंग्रजीत लिहायचे, मी वाचायचो, आणि मी स्वतःच्या हातानं केलेली वस्तू मला ओळखू यायची नाही. पुलीला त्यांनी ‘फिरती शक्ती वाहून नेणारं वर्तुळाकार अंग’ असं म्हटलं होतं.

गिऱ्हाइकांना तर याचं काहीच सोयरसुतक नव्हतं. मूल गावचे एक गिरणीवाले शेठ एकदा गोणीत पुली घालून आले आणि ती त्यांनी माझ्या ड्रॉइंगच्या टेबलावर आपटली. पुली मधोमध खाली बसलेली. भट्टीत पुरती भाजायची राहिली होती आणि पट्टा घसरून तापल्यावर लाख मऊ पडली होती.

“हे का पुली होय? भाकर झाली हिची, भाकर!” शेठ म्हणाले.

साहेबांनी पुली उचलली, उजेडात धरली आणि त्यांचा चेहरा खुलला. “वा! किती सारखी बसली पाहा. याचा अर्थ गरम करून आकार बदलता येतो.”

“माझ्या गिरणीचं काय?” शेठ ओरडले. साहेबांना ते ऐकूच गेलं नाही. मी शेठना नवी पुली देऊन वाटेला लावलं. पायाची कल्पना साहेबांना त्या भाकरीवरून सुचली. कमी भाजलेली लाख पुन्हा तापवून आकारात आणता येते, म्हणजे माणसाच्या मांसाला जशी वाटी हवी तशी ती हळूहळू बसवता येईल, आणि नीट बसली की मग भट्टीत कायमची पक्की करायची.

सोमाजी आमच्याकडे आला तो दवाखान्यातून. चामोर्शीकडचा शेतकरी, थोडं धान पिकवायचा आणि पावसाळा सरला की बैलगाडीनं जंगलातून लाकूड वाहायचा. त्याच्यासारख्या माणसाचं खरं पोट गाडीवर चालतं. लाकडाच्या डेपोवर गाडी उतरवताना सागाचा लठ्ठा घरंगळला आणि त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. कुबडी टेकत तो शेडमध्ये आला. सोबत बायको पार्बता. तो बोलायला संकोचत होता, ती नाही.

“साहेब, यायले पाय पाह्यजे,” ती म्हणाली. “कुबडी घेऊन बैल कोन हाकलते? एक हात कुबडीवर, एक हात कासऱ्यावर, आनं बैल अडला तं पाठीवर हात कोनता ठेवाचा?”

त्यात सगळं आलं. ठेकेदाराचा मुन्शी पोळ्याच्या दिवशी गावोगाव फिरून बैलजोड्या पाहायचा आणि हंगामासाठी गाड्या ठरवायचा. आदल्या पोळ्याला सोमाजीची जोडी त्याच्या मेव्हण्यानं तोरणाखाली उभी केली होती. मुन्शी म्हणाला, “जोडी ठीक आहे, पन गाडीवान कुठी आहे?” आणि पुढं गेला. हा हंगामही गेला तर बैल विकायचे, एवढंच घरात उरलं होतं.

साहेबांनी त्याच्या पायाचा प्लॅस्टरचा साचा घेतला. उन्हाळाभर तो येत-जात राहिला. वाटी कधी ढिली, कधी आवळ, कधी कडेला रुतणारी. दर खेपेला साहेब काहीतरी नवीन करायचे आणि अर्जातलं वर्णन पुन्हा पहिल्यापासून लिहायला घ्यायचे. पुलीच्या पद्धतीचा अर्ज केव्हाच कलकत्त्याला गेला होता. पायाचा, म्हणजे लाख कमी भाजून वाटी हळूहळू बसवत नेण्याच्या नव्या रीतीचा, मात्र पूर्ण होईना. मी आकृती तीनमधला भाग सात, म्हणजे सोमाजीच्या गुडघ्याखालची वाटी, किती वेळा खोडून काढली असेल देव जाणे. वर्णनात तिचं नाव होतं ‘भार पेलणारं पोकळ अंग’. सोमाजीनं एकदा विचारलं, “हे मीच हाये का जी?” मी हो म्हणालो. तो चित्रावर वाकला आणि म्हणाला, “बाकीचा मी कुठी गेलो?”

अर्ज जाण्याआधी ती पद्धत चारचौघांत उघड झाली तर पेटंट मिळत नाही, असा कायदा. त्याचं साहेबांना भारी भय. म्हणून पावसाळ्यात त्यांनी पाय सोमाजीच्या स्वाधीन केला तेव्हा बजावून सांगितलं, “घरातल्या घरात घालून पाहा. कुठे रुतते ते लक्षात ठेव. पण कोणासमोर घालायचा नाही. मी सांगेपर्यंत नाही.”

“कोनासमोर नाई घालत,” सोमाजी म्हणाला.

“मी घालूच नाई देत,” पार्बता म्हणाली.

पोळा जवळ आला आणि अर्ज अजून टेबलावरच. मी साहेबांना सोमाजीची आठवण करून दिली. त्यांनाही ती होतीच, फक्त ते तिच्याकडे पाहायला तयार नव्हते. शेवटी म्हणाले, “चल, आपणच जाऊन सांगून येऊ. पुढच्या पोळ्याला चाल म्हणावं.” पुढच्या पोळ्याला सोमाजीकडे बैल असतील का, हे मी विचारलं नाही. त्यांच्या तोंडाकडे पाहून माझी छाती झाली नाही. आम्ही मूलपर्यंत मोटारीनं गेलो, भरलेली वैनगंगा नावेतून ओलांडली, पलीकडे चिखल तुडवत एका ओळखीच्या घरी मुक्काम केला आणि पोळ्याच्या सकाळी सोमाजीच्या गावात शिरलो.

त्याच्या अंगणात ही गर्दी. मला वाटलं, कोणी गेलं की काय. पुढं जाऊन पाहतो तर तुळशीपाशी रांगोळी, रांगोळीवर पाट, आणि पाटावर आमचा पाय. हळद-कुंकू लावलेला, झेंडूची माळ घातलेला, शेजारी गाडीचं जू आणि कासरे मांडलेले. आकृती तीन, भाग सातला बायका वाकून नमस्कार करत होत्या. गावचा वाढई पुंडलिक, म्हणजे सुतारकाम करणारा, पाटाशेजारी उकिडवा बसून वाटीत बोट घालून पाहत होता.

पार्बता आम्हाला पाहून आनंदानं पुढं आली. साहेबांनी पाटाकडे बोट केलं. “बाई, मी काय सांगितलं होतं?”

“कोनी घातला नाई साहेब,” पार्बता म्हणाली. “इचारा साऱ्यायले. यायनं बी घातला नाई. मी घालूच नाई देल्ला.”

ते अक्षरशः खरं होतं. घालायचा नाही म्हटलं, तर तिनं नवऱ्यालासुद्धा अंगणात घालू दिला नव्हता. आणि पोळ्याला बैलांसोबत कामाच्या साऱ्या वस्तूंची पूजा होते. मग नवऱ्याचा पाय तेवढा कोनाड्यात कसा ठेवायचा? तिच्या बाजूनं पाहिलं तर तिचं काही चुकलं नव्हतं. साहेबांच्या बाजूनं पाहिलं तर आभाळ कोसळलं होतं. मी दोन्ही बाजूंनी पाहत होतो, त्यामुळे हसावं की रडावं ते मला कळेना.

साहेब ओट्यावर बसले. पाणी प्यायले. मग जरा सावरून माझ्या कानाशी म्हणाले, “पाहू देत. पाहून काय कळणार? पद्धत आत आहे, बाहेर दिसत नाही. अजून काही गेलं नाही.” आणि मघाच्या धक्क्यातून सुटल्यासारखे उठून पाटाजवळ गेले, माळ बाजूला केली, पाय हातात घेतला. वाटीच्या काठावरून बोट फिरवलं. बोट मध्येच थांबलं.

काठ एका बाजूनं आत वळला होता.

“याला काय केलं?”

पार्बतानं सरळ सांगितलं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून ते दुखावलेले असतात, म्हणून लोणी-हळद लावून गरम फडक्यानं शेकायचे आणि बैलांना आमंत्रण द्यायचं, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” लाल्याचा खांदा शेकला, मोऱ्याचा शेकला. “मंग यायचा बी शेकला,” ती पायाकडे बोट दाखवून म्हणाली. “त्यालेबी उद्यापासून वझंच वाहाचं हाये नं.”

तव्यावर तापवलेलं फडकं. पक्की न भाजलेली लाख. ती मऊ होणारच होती.

सोमाजी आत खाटेवर बसून होता. साहेबांनी पाय त्याला लावून पाहिला. बसेना. एका बाजूला फट, दुसऱ्या बाजूला काठ मांसात. सोमाजी “जमते जी, जमते,” म्हणून उभा राहायला गेला आणि भिंत धरून खाली बसला. दुपार कलली की जोड्या आखरावर, म्हणजे गावाबाहेरच्या मोकळ्या जागेवर, जाणार, मुन्शी येणार. आदल्या वर्षीपेक्षा काही वेगळं घडणार नव्हतं.

आता आमचं काम सोपं झालं होतं, असं मला वाटलं, आणि वाटल्याचं वाईटही वाटलं. पुढच्या पोळ्याला चाल, हे सांगायलाच तर आलो होतो. पाय चांद्याला नेऊन सरळ करायचा, अर्ज धाडायचा, सगळं रीतसर. साहेब मात्र पाय मांडीवर घेऊन ओट्यावर बसले ते बसलेच. अंगणातले लोक कुजबुजत होते. पार्बता दाराला टेकून उभी होती. आपल्या हातून काहीतरी झालं एवढं तिला कळलं होतं, पण काय ते कळत नव्हतं, आणि तिचा तो चेहरा माझ्यानं बघवेना.

शेवटी साहेबांनी मला विचारलं, “इथे वाळू तापवता येईल का रे?”

“साहेब,” मी हळूच म्हणालो, “इथं? सगळ्यांसमोर?”

घर एका खोलीचं, गवती छपराचं. आत भट्टी लावणं म्हणजे घरच पेटवणं. सणाचा दिवस, माणसं अंगणातून हलणार नव्हती. आणि वाढयाच्या हातांशिवाय काठाला बाहेरून आधार देता आला नसता. करायचं तर उघड्यावरच करावं लागणार होतं. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की हे सगळं मी त्यांना सांगायची गरज नव्हती.

“घमेलं आणा,” ते मोठ्यानं म्हणाले. “नदीची वाळू आणा, कोरडी पाहून. लाख कोणाच्या घरी आहे?”

लाख अर्ध्या गावाच्या घरी होती. पुंडलिक वाढयानं वाटीच्या बाहेरून बसणारं लाकडी कडं तासून दिलं. अंगणात खड्डा केला, पाय त्यात उलटा न करता उभा पुरला आणि चहूकडून माती ठोकली. काठाला भुसा मिसळलेल्या लाखेचा नवा हात दिला, वाटीत किंतानाची पिशवी बसवली आणि घमेल्यात वाळू तापायला लागली. वाढई विचारत होता आणि साहेब सांगत होते.

“वाळूच काऊन जी? लोखंडाचा ठोकळा तापवून घातला तं?”

“ठोकळा त्याला हवं तिथेच दाबेल. वाळू जिथे जागा असेल तिथे जाते. पण एकदम नाही ओतायची. आधी तळाला, मग दाबायची, मग वर. आणि भुसा सागाचाच, बारीक चाळलेला. जाड राहिला तर तिथून तडकते.”

“आनं पक्कं कवा करता?”

“माणूस चालून हो म्हणाला की मग. भट्टीत मंद आचेवर. आधी नाही.”

मी बाजूला उभा राहून ऐकत होतो. साहेबांना महिनोन्‌महिने जे वर्णन पुरं करता येत नव्हतं, ते त्या अंगणात एका सपाट्यात पुरं झालं. कुठं अडखळले नाहीत, काही खोडलं नाही. बायका ऐकत होत्या, म्हातारे ऐकत होते, जू घेऊन निघालेले गाडीवान थांबून ऐकत होते. डोक्यातल्या कूपाच्या हद्दीचे दगड साहेब स्वतःच्या हातानं उपटून टाकत होते आणि वर विचारत होते, “समजलं ना?” मला त्यांचा राग आला. खरंच आला. माझीही चित्रं त्यात होती.

पेटंटचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो, म्हणजे वाचकांचा जीव टांगणीला नको. पुलीचं मिळालं. पायाचा अर्ज साहेबांनी पाठवलाच नाही. परतीच्या वाटेवर नावेत मी म्हणालो होतो, “साहेब, कलकत्त्याला कोण सांगायला जाणार आहे? धाडून देऊ.” ते म्हणाले, “पद्धत कुठे उघड झालेली नाही, असं त्यावर लिहून सही मला करायची आहे. तुला नाही.” नंतर त्या भागात वाढई लोक असे पाय करायला लागले. काही चांगले, काही अगदीच ओढूनताणून. चामोर्शीच्या बाजारात असा एखादा माणूस दिसला की साहेब आधी चिडायचे, “चोर आहेत लेकाचे!” मग त्या माणसाला थांबवून, खाली वाकून काठ पाहायचे आणि पुटपुटायचे, “वाळू नीट ठासली नाही.” चिडले होते की खूश होते, ते मला कधीच ठरवता आलं नाही. त्या दिवशी त्यांनी वाळू का मागवली, हेही नाही. सोमाजीची दया आली म्हणावं, तर ते तसे दयाळू नव्हते. आमचे पगार ते विसरायचे. पेटंट तसंही गेलंच असं त्यांना वाटलं म्हणावं, तर ‘अजून काही गेलं नाही’ असं तेच म्हणाले होते. एकदा धीर करून विचारलं तेव्हा म्हणाले, “काठ वाकडा होता रे.” एवढंच. मी अजून त्याच उत्तराशी झटतो आहे.

तर, दुपार कलली. वाळू गार झाली, पिशवी उपसली, माती उकरली आणि पाय बाहेर काढला. काठ गोल झाला होता. सोमाजीनं तो खाटेवर बसून चढवला, साहेबांनी पट्टे आवळले. तो उभा राहिला, एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं आणि कुबडी दाराआड ठेवून दिली.

आखरावर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं. खाली ओळीनं जोड्या, शिंगांना बेगड, पाठीवर झुली. डफडं वाजत होतं आणि एकेक जण हात उंचावून झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणत होता. सोमाजी लाल्या आणि मोऱ्याच्या मध्ये उभा, दोन्ही हातांत दोन कासरे. धोतर गुडघ्यापर्यंत, त्याखाली लाखेचा तांबूस पाय, हळद अजून लागलेली. मुन्शी छत्री घेऊन ओळीवरून फिरत आला. बैलांचे खांदे दाबून पाहिले, खुरं पाहिली. मग त्याची नजर सोमाजीच्या धोतराखाली गेली आणि तिथंच थांबली.

“चालून दाखव,” मुन्शी म्हणाला.

सोमाजी बैलांना घेऊन चालला. मोऱ्या मध्येच डफड्याला बिचकून अडला. सोमाजीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, तोंडानं चुचकारलं, आणि बैल निघाला. ओळीच्या टोकापर्यंत जाऊन तो वळून परत आला.

“दसऱ्यानंतर गाडी डेपोवर आन,” मुन्शी म्हणाला आणि पुढच्या जोडीकडे गेला. मला वाटलं होतं काहीतरी मोठं घडेल. एवढ्यातच झालं सगळं.

तोरण तुटलं, जोड्या घराकडे उधळल्या. सोमाजीला पळता येणार नव्हतं. तो सगळ्यांच्या मागून चालत निघाला आणि साहेब त्याच्या डाव्या अंगाला, चिखलातून, मान खाली घालून, वाटीच्या काठावर नजर ठेवून. मी दोघांच्या मागं. सोमाजीच्या कानामागून घाम ओघळत होता. अर्ध्या वाटेत साहेबांना राहवेना.

“कुठे रुतते का?”

“रुतते नं साहेब,” सोमाजी म्हणाला. “तोरनाखाली उभा होतो तवापासूनच रुतून राह्यलं.”

साहेब तिथंच चिखलात गुडघ्यावर बसले आणि पट्ट्याला हात घातला. सोमाजीनं वाकून त्यांचा हात धरला.

“आता नोका काढू जी. घरापर्यंत जाऊ द्या. पार्बता पानी घेऊन उभी असंल.”

ती उभी होती. पोळ्याहून आलेल्या बैलांचे पाय घरची बाई दारात धुते. तिनं लाल्याचे धुतले, मोऱ्याचे धुतले. मग लोटा पुन्हा भरून आणला, सोमाजीसमोर खाली बसली आणि त्याचे पाय धुतले, दोन्ही.